नातू म्हणतो ‘अलूमिनम’, नात म्हणते ‘ॲल्युमिनियम’

पत्र

सप्रेम नमस्कार.

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका गावी माध्यमिक शाळेत 31 वर्षं विज्ञान शिकवलं. आता निवृत्त आहे. मुलगी मँचेस्टरला असते, मुलगा न्यू जर्सीला. दर रविवारी संध्याकाळी सात वाजता तिन्ही घरं व्हिडिओ कॉलवर एकत्र येतात. नात 12 वर्षांची, नातू 13 वर्षांचा. दोघांनाही विज्ञानाची गोडी आहे. आठवड्याभरात शाळेत जे झालं ते आजीला वाचून दाखवायचं, असा आमचा नेमच पडून गेलाय.

दोघं एकाच विषयावर बोलतात, पण शब्द वेगळेच ऐकू येतात. ती ‘मीथेन’ म्हणते, तो ‘मेथेन’. ती ‘व्हिटमिन’, तो ‘व्हायटमिन’. एकदा तो ‘अल्फा, बेटा, गॅमा’ वाचत होता आणि मी मध्येच ‘काय रे बाळा?’ म्हणून ओ दिली. रॉकेटविषयी सांगताना तो ‘मिसल’ म्हणाला, तर आतून ह्यांनी विचारलं, ‘तिकडं मिसळ मिळते होय रे?’ त्या दिवशी हसून हसून पुरेवाट झाली.

मागच्या महिन्यात मात्र तो मूलद्रव्यांवरचा प्रकल्प वाचताना ‘अलूमिनम’ म्हणाला आणि मी त्याला थांबवलं. ‘चुकलास, ॲल्युमिनियम म्हण.’ त्याने स्क्रीनवर स्पेलिंग दाखवलं. मी म्हटलं, ‘मग तुझ्या पुस्तकातच चुकलंय.’ नात खो खो हसली. तो ‘ओके, आजी’ म्हणाला आणि उठून गेला. त्यानंतरचे तीन रविवार तो आलेला नाही. मुलगा सांगतो, सॉकरची प्रॅक्टिस असते. मला काय ते कळतं.

खरा उच्चार कोणता, ब्रिटिश की अमेरिकन? आणि तो मलाच माहीत नसेल, तर एवढी वर्षं मी मुलांना चुकीचं शिकवलं का?

– एक आजी

उत्तर

बाई,

31 वर्षं ज्यांनी फळ्यासमोर उभं राहून शिकवलं त्यांना दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारवत नाही, म्हणून बाईच म्हणते.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तो मनाला लागलेला दिसतो. नाही, तुम्ही चुकीचं शिकवलं नाही. ॲल्युमिनियमच्या अणूत 13 प्रोटॉन असतात, तो धातू वजनाला हलका असतो, हवेत त्याच्यावर ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तोच थर आतल्या धातूला राखतो. तुमच्या वर्गात बसलेल्या मुलांना हे समजलं. त्यातल्या कुणाच्या घरी त्या धातूला ‘अल्मिनम’ म्हणत असतील, कुणाच्या घरी ‘जर्मन’. आमच्याकडे दूध तापवायच्या पातेल्याला ‘जर्मनचं पातेलं’च म्हणायचे. त्याने धातूत काही फरक पडला नाही.

पण बाई, नातूही चुकला नव्हता. त्याचं पुस्तकही चुकलेलं नाही. आणि हे त्याने तुमच्याच तोंडून ऐकायला हवं.

या धातूच्या नावाची गोष्ट तुम्हाला सविस्तर सांगते, कारण नातवाशी बोलताना तीच कामी येईल. लॅटिनमध्ये तुरटीला ‘आलुमेन’ म्हणतात. पाणी निवळायला आणि दाढीनंतर गालावर फिरवायला आपल्या घरात असते, तीच तुरटी. तिच्यात एक अनोळखी धातू दडलेला आहे असा संशय रसायनशास्त्रज्ञांना बऱ्याच आधी आला होता, पण तो धातू कुणाच्या हाती लागत नव्हता. सोडियम आणि पोटॅशियम 1807 साली वेगळे करून दाखवणारा हम्फ्री डेव्ही लंडनमध्ये त्याच्याही मागे लागला. धातू काही सुटा झाला नाही, पण 1808 साली डेव्हीने त्याचं नाव ठरवून टाकलं, ‘अल्युमियम’. मूल जन्मायच्या आधीच बारसं! चार वर्षांनी, 1812 साली, त्याने आपल्या ग्रंथात ते नाव बदललं आणि छापलं ‘अलुमिनम’. तुमचा नातू म्हणतो तेच नाव, अक्षरन् अक्षर.

त्याच वर्षी लंडनच्याच ‘क्वार्टर्ली रिव्ह्यू’ या नियतकालिकात त्या ग्रंथाचं परीक्षण आलं. खाली नाव नव्हतं. परीक्षण लिहिणाऱ्याने म्हटलं, आम्ही आपले ‘अल्युमिनियम’ असं लिहू, कारण ‘अलुमिनम’ कानाला तेवढं अभिजात वाटत नाही. कारण दिलं ते एवढंच. ‘अल्युमिनियम’ हे रूप युरोपातल्या काही रसायनशास्त्रज्ञांच्या लेखनात वर्षभर आधीपासून दिसत होतं, आणि सोडियम, पोटॅशियमच्या रांगेत ते शोभूनही दिसत होतं, त्यामुळे इंग्लंडमध्ये ते टिकलं. प्रत्यक्ष धातू कोपनहेगनमध्ये ओर्स्टेड या शास्त्रज्ञाच्या हाती लागला 1825 साली. तोवर पाळण्याला तीन नावं बांधून झाली होती.

अमेरिकेत नोआ वेब्स्टरने 1828 साली आपला मोठा शब्दकोश काढला. त्यात डेव्हीचं 1812चं रूप घेतलं, ‘अलूमिनम’. तिथले शास्त्रज्ञ मात्र पुढे कित्येक वर्षं दुसरंच रूप वापरत राहिले. चार्ल्स मार्टिन हॉलने 1886 साली विजेच्या साहाय्याने हा धातू स्वस्तात काढायची रीत शोधली. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल एरूनेही तीच रीत स्वतंत्रपणे शोधली. हे दोघं 1863 साली जन्मले आणि 1914 साली गेले. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले होते. हॉलच्या पेटंटमध्ये ‘अल्युमिनियम’ आहे, आणि माल खपवायला काढलेल्या त्याच्या जाहिरातीच्या पत्रकात ‘अलूमिनम’! धातू स्वस्त झाला, घरोघर पोचला, आणि पत्रकावरचं नाव लोकांच्या तोंडी बसलं. अमेरिकन केमिकल सोसायटीने ते अधिकृतपणे स्वीकारलं 1925 साली.

रसायनशास्त्राच्या नावांचा निवाडा करणारी आयुपॅक ही आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिने 1990 साली ‘अल्युमिनियम’ला पसंती दिली आणि तीन वर्षांनी ‘अलूमिनम’लाही मान्यता दिली. तेव्हा निवाडा हवा असेल तर तो असा आहे, दोन्ही चालतात.

आणि तुमच्या नातीला एक गोष्ट जरूर सांगा. गंधकाच्या बाबतीत याच आयुपॅकने अमेरिकेची बाजू उचलून धरली. इंग्लंडमध्ये सल्फर पूर्वी ‘पीएच’ने लिहायचे, अमेरिकेत ‘एफ’ने. 1990 साली ‘एफ’ ठरला. दोन वर्षांनी ब्रिटनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीनेही तो मान्य केला. आज नातीच्या विज्ञानाच्या वहीत सल्फर बघा, ‘एफ’च असेल. न्यू जर्सीच्या भावाचं स्पेलिंग ती रोज लिहिते, आणि तिच्या ते ध्यानीमनीही नसेल.

‘पण शेवटी इयम हवंच ना?’ असं तुमच्यातली शिक्षिका विचारील. मग प्लॅटिनम? मॉलिब्डेनम? लँथेनम? टँटलम? मँचेस्टरमध्ये कुणी ‘प्लॅटिनियम’ म्हणत नाही.

तुमचं पत्र वाचताना माझ्या डोळ्यांसमोर माझ्या वर्गातली एक मुलगी आली. मी अकरावीला तालुक्याच्या गावी होते. ती आडगावातून एसटीने यायची, हुशार होती, समीकरणं तोंडी जुळवायची. एकदा सरांनी तिला उभं केलं आणि तिने उत्तर दिलं ‘अल्मिनम ऑक्साइड’. उत्तर बरोबर होतं. सरांनी तो शब्द तिच्याच सुरात दोनदा म्हणून दाखवला आणि वर्ग हसला. मीही हसले. त्यानंतर वर्ष संपेपर्यंत तिने हात वर केला नाही. पुढे डेव्हीच्या ग्रंथाची हकीकत वाचली तेव्हा लक्षात आलं, तिचा शब्द 1812च्या छापील शब्दाच्या किती जवळ होता. ते तिला सांगायची संधी मला मिळाली नाही. तुम्हाला मिळते आहे, म्हणून एवढं कळकळीने लिहिते आहे.

हे सगळं होतं तरी का? पाणी, आई, भूक हे शब्द मूल कुणाच्या तरी तोंडून शिकतं. विज्ञानातले बहुतेक शब्द मात्र आधी कागदावर आले. एखाद्या विद्वानाने टेबलाशी बसून ग्रीक-लॅटिनचे तुकडे जोडले, ते छापले गेले, आणि जहाजातून पुस्तकं गावोगाव गेली. लंडनच्या माणसाने आपल्या वळणाने वाचलं, बॉस्टनच्या माणसाने आपल्या, आणि मुंबईच्या माणसाने आपल्या. आपल्याला तर देवनागरीची सवय. तिथे अक्षर जे सांगतं ते बहुतेक वेळा पाळतं, म्हणून इंग्रजी स्पेलिंगवरही आपण तसाच विश्वास टाकला. ते तिघं ‘लॅब’मध्ये जातात ना, त्याचंच पूर्ण रूप घ्या. नात ‘लबॉरटरी’ म्हणेल, नातू ‘लॅबरटोरी’, आणि तुम्ही प्रत्येक अक्षराला न्याय देऊन ‘लॅबोरेटरी’. मुंबई विद्यापीठ 1857 साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालं, ग्रंथ तिकडूनच आले, म्हणून आपलं वळण जास्त करून ब्रिटिश. पण तेही पूर्ण नाही. डोकेदुखीला नातीच्या शहरात बरेच जण ‘मीग्रेन’ म्हणतात. आपण ‘मायग्रेन’ म्हणतो, नातवासारखं.

आता त्या ‘बेटा’कडे येते, कारण त्यावर तुम्ही ओ दिलीत ते वाचून मला फार आनंद झाला. ब्रिटिश ‘बीटा’ आणि अमेरिकन ‘बेटा’, यात जुन्या ग्रीकांच्या जवळचा कोण? याचा पुरावा एका मेंढीने दिला आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात अथेन्समध्ये क्रातिनोस नावाचा विनोदी नाटककार होता. त्याने एका मूर्ख माणसाचं वर्णन करताना तो मेंढीसारखा आवाज करत चालतो असं लिहिलं, आणि मेंढीचा आवाज लिहायला जी दोन अक्षरं वापरली तीच ‘बीटा’ या नावाच्या सुरुवातीला आहेत. मेंढ्या काही ‘बी बी’ करत नाहीत. तेव्हा जुना उच्चार ‘बे’कडे झुकणारा होता हे उघड आहे. पुढे इंग्लंडात पंधराव्या शतकापासून लांब स्वर आपली जागा सोडून सरकत गेले, ‘ए’चा ‘ई’ होत गेला, आणि शाळेत शिकवलं जाणारं ग्रीकही त्याच वळणाने वाचलं जाऊ लागलं. त्यातून ‘बीटा’ आणि ‘थीटा’ आले, तुमच्या-माझ्या त्रिकोणमितीतले. नातू ‘थेटा’ म्हणेल, तेव्हा दचकू नका. आणि आजच्या अथेन्समध्ये जाऊन विचारलंत तर तिथली माणसं दोघांनाही बाजूला सारून ‘वीटा’ म्हणतील! वर्तुळाच्या ‘पाय’वर मात्र मँचेस्टर, न्यू जर्सी आणि कोल्हापूर तिघांचं एकमत आहे. ग्रीक लोक त्याला ‘पी’ म्हणतात.

‘मिसल’चंही तसंच. ज्या शब्दांच्या शेवटी ब्रिटिश ‘आईल’ म्हणतात तिथे अमेरिकन बहुधा नुसता ‘ल’ ठेवतात. ‘फर्टाईल’ जमीन तिकडे ‘फर्टल’ होते, ‘मिसाईल’चं ‘मिसल’ होतं. तुमच्या ह्यांचा कान अगदी बरोबर होता, फक्त तर्री नव्हती.

नातवाकडे इलेक्ट्रॉनिक्सचा संच असेल तर तो ‘सॉडर’ करतो म्हणेल. आपण ज्याला सोल्डर म्हणतो तेच ते. यातही तो जुन्याला धरून आहे. शब्द फ्रेंचमधून आला तेव्हा त्यात ‘ल’ नव्हता, लॅटिनची आठवण म्हणून तो मागून घातला गेला. ‘झेड’ आणि ‘झी’चं पाहा, ‘झी’ हे रूपसुद्धा सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये सापडतं, तिथूनच ते समुद्रापलीकडे गेलं. नात ज्याला अमेरिकन म्हणून हसते त्यातलं पुष्कळसं तिच्याच देशाने एके काळी पाठवलेलं आहे.

क्विनीन हा शब्द घ्या. नात ‘क्विनीन’ म्हणेल, नातू ‘क्वायनाइन’. मूळ शब्द दक्षिण अमेरिकेतल्या केचुआ भाषेतला, झाडाच्या सालीचा. आणि आपल्या आज्यांनी त्याचं काय केलं? ‘कोयनेल’! हिवतापात जिभेवर ठेवलेली ती कडू गोळी आणि तो शब्द मला अजून एकत्रच आठवतात. हा शब्द नातवंडांना आवर्जून सांगा.

आणि गिझर! तुमच्या न्हाणीघरात भिंतीवर असेल. आइसलँडमध्ये गरम पाण्याचा एक उसळता झरा आहे, गेइसिर त्याचं नाव, उसळणारा या अर्थाचं. त्यावरून तशा सगळ्याच झऱ्यांना ब्रिटिश ‘गीझर’ म्हणू लागले आणि अमेरिकन ‘गायझर’. लंडनच्या बेंजामिन मॉन याने 1868 साली गॅसवर पाणी तापवणारं घरगुती यंत्र काढलं आणि त्याला झऱ्याचं नाव दिलं. आपल्या भिंतीवरचा गिझर त्या घराण्यातला. नातवाला मात्र ‘आमचा गिझर बिघडलाय’ असं सांगितलंत तर त्याच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतल्या यलोस्टोनचा ‘ओल्ड फेथफुल’ हा उसळता झरा उभा राहील, कारण त्याच्या घरातलं यंत्र ‘वॉटर हीटर’ आहे. हे त्याला मुद्दाम सांगा. कुठलाही 13 वर्षांचा मुलगा यावर हसल्याशिवाय राहणार नाही.

व्हिटॅमिनचं थोडक्यात सांगते. लंडनमध्ये काम करणाऱ्या कासिमिर फुंक या पोलिश शास्त्रज्ञाने 1912 साली हा शब्द घडवला. लॅटिन ‘वीटा’ म्हणजे जीवन, त्याला रसायनातलं ‘अमीन’ जोडलं. आपलं ‘जीवनसत्त्व’ त्या अर्थाला किती घट्ट धरून आहे पाहा. त्यात ‘व्हि’ की ‘व्हाय’ हा प्रश्नच उरत नाही.

आता काय करायचं ते सांगते. रविवारची वाट पाहू नका. सगळ्यांसमोर जे झालं ते सगळ्यांसमोर पुसायला गेलात तर तो आणखी संकोचेल. आधी त्याला एकट्याला फोन करा, मुलाला मध्ये न घालता. शाळा सुटून तो घरी येईल तेव्हा आपल्याकडे रात्रीचा एक-दीड वाजलेला असेल, म्हणून शनिवारी संध्याकाळी करा, त्याची सकाळ असते. ‘कसा आहेस, जेवलास का’ने सुरुवात करू नका, तो ‘हो, हो’ म्हणून मोकळा होईल. सरळ म्हणा, ‘बाळा, त्या दिवशी मी तुला चुकलास म्हटलं, ते माझं चुकलं. तुझा शब्द 1812 साली पुस्तकात छापलेला आहे, मला आता कळलं.’ आणि मग थांबा. तो विचारील, ‘कुणाच्या पुस्तकात?’ विज्ञानाची गोडी असलेलं मूल हे विचारल्याशिवाय राहायचं नाही. मग डेव्ही सांगा, बारसं सांगा, तुरटीचा खडा कॅमेऱ्यासमोर धरून दाखवा. न्यू जर्सीत त्याने तुरटी कधी हातात घेतली नसेल.

आजीने नातवाची क्षमा मागावी का, असा विचार मनात येईल. मागावी. तुम्ही वर्गात फळ्यावर गणित चुकलं तर पुसून पुन्हा लिहीत होतात, आणि मुलांना त्यात काही वावगं वाटलं नसेल. हेही तसंच करा.

त्याच्या गृहपाठातलं स्पेलिंग बदलू नका. त्याच्या शाळेत ‘अलूमिनम’ लिहिलं तरच ते त्यांना ओळखीचं वाटेल, आणि नातीच्या शाळेत ‘ॲल्युमिनियम’. दोघांचं विज्ञान मात्र पूर्वीसारखंच तपासा, तिथे सूट देऊ नका. संयुजा चुकली तर चुकली म्हणा. एक गोष्ट मात्र लक्षात असू द्या. मिथेन आणि इथेन, मिथेनॉल आणि इथेनॉल या जोड्यांत कुणाच्याही उच्चारात फरक एका अक्षराचाच आहे, आणि मिथेनॉल पोटात गेलं तर दृष्टी जाते, जीवही जातो. तिथे तिघांनीही नाव ऐकून थांबायचं नाही, रेणुसूत्र लिहून दाखवायचं. ही शिस्त तुमच्याइतकी चांगली त्यांना कोण लावणार?

नातीशीही बोला, पण रागावून नको. ती हसली ते वाईट मनाने नाही, माझ्या वर्गासारखीच हसली. तिला सल्फरचा ‘एफ’ दाखवा, ‘झी’चं माहेर सांगा. आणि रविवारी दोघांना मिळून एक काम द्या. प्रत्येकाने आपल्या पुस्तकातून एक शब्द आणायचा, तीन तऱ्हांनी म्हणायचा, मग त्याचा मराठी शब्द तुम्ही सांगायचा. पारा, जस्त, कथील, शिसं, गंधक. ह्यांनाही घ्या खेळात. ‘मिसल’ची मिसळ करणारा कान वाया घालवू नका.

शेवटी उच्चारापलीकडची एक गोष्ट, कारण कधीतरी तुम्ही न्यू जर्सीला जालच. तिथे दुकानात पॅरासिटामॉल मागितलंत तर समोरचा गोंधळेल. तेच औषध अमेरिकेत ‘ॲसिटामिनोफेन’ नावाने मिळतं. एकाच लांबलचक रासायनिक नावातून ब्रिटिशांनी काही अक्षरं उचलली, अमेरिकनांनी दुसरी. सर्दी-तापाच्या तिथल्या पुष्कळ मिश्र औषधांत ते असतं. बॅगेतली आपली गोळी घेतली आणि वर त्यांचं सर्दीचं औषध घेतलं, तर नकळत दुप्पट मात्रा पोटात जाते आणि यकृताला धोका होतो. जाण्याआधी दोन्ही नावं एका चिठ्ठीवर लिहून चष्म्याच्या घरात ठेवा. ही चिठ्ठी नातवाकडूनच लिहून घ्या.

आणि हो, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मँचेस्टरची घड्याळं एक तास मागे जातील, न्यू जर्सीची त्यानंतर बरोबर एका आठवड्याने. आपले सात वाजतील तेव्हा नातवाकडे साडेनऊऐवजी साडेआठच झालेले असतील. त्या रविवारी तो पंधरा मिनिटं उशिरा आला, डोळे चोळत आला, तर पुन्हा रुसलाय असं समजू नका. झोपेतून उठून आला असेल.